मुलांस वायुविभागाच्या छात्रसेनेत धाडावे काय?

शके १९४४ च्या गुढीपाडव्याची, म्हणजे २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ चंद्रपूर जिल्ह्यातील लोक अद्याप विसरलेले नाहीत. दिवेलागणीनंतर आकाशातून जळत्या रेघांची एक ओळ सरकत गेली, आणि सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या गावी सुमारे दहा फूट व्यासाचे धातूचे एक कडे येऊन पडले. चीनच्या 'लाँग मार्च' जातीच्या अग्निबाणाचा तो अवशेष असल्याचे जाणकारांनी अनुमान केले, आणि पुढे इस्रोचे शास्त्रज्ञही तो पाहून गेले. त्या रात्री अंगणात उभी राहून हे दृश्य पाहणारी त्या बाजूची एक मुलगी आता नववीत आहे. तिच्या वडिलांचे पत्र आमच्यापुढे आहे, आणि या महिन्याचे आमचे लेखन त्या पत्रास उत्तर म्हणूनच आहे.

पत्राचा सारांश असा. घर एकत्र आहे. दोघा भावांचे संसार आणि वर आजी. मुलीने वैमानिक होण्याचा ध्यास घेतला आहे. नागपुरास शिकणाऱ्या मामेभावाकडून तिने राष्ट्रीय छात्रसेनेच्या, म्हणजे ज्यास सर्वजण एनसीसी म्हणतात तिच्या, वायुविभागाची माहिती मिळविली. तिच्या शाळेत छात्रसेना आहे, पण ती भूदलाची. त्या छात्रसेनेचा अर्ज घरी आला असून त्यावर पालकाची सही पाहिजे. आजी म्हणतात, मुलीच्या जातीला हे खूळ कशाला? थोरले काका म्हणतात, दहावी तोंडाशी आली आहे. वडिलांस भीती अशी की, एकदा नाव नोंदविले की मुलगी सैन्यात बांधली जाईल आणि पुढे खर्चाने घर बसेल. मुलगी तरी राजी कोठे आहे? ती म्हणते, विमान नाही तर मला ही कवायत नको. नागपुरास जाईन तेव्हाच नाव घालीन. "तरी सही करावी की न करावी ते कळवावे," असा पत्राचा शेवट आहे.

प्रथम ही संस्था काय आहे ते पाहू. कारण आमच्या अनुभवाप्रमाणे घरातील निम्मे वाद माहितीच्या अभावी होतात. इंग्रजी अमदानीत १९१७ पासून विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे सैनिकी पथक असे. स्वराज्य दृष्टिपथात आल्यावर १९४६ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशींवरून १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली. पुढील वर्षी मुलींचा विभाग निघाला आणि १९५० मध्ये वायुविभाग. यावरून आजीबाईंच्या ध्यानात येईल की मुलींचा प्रवेश ही काल-परवाची टूम नव्हे. वायुविभागाहून मुलींचा विभाग एक वर्षाने वडील आहे.

वडिलांच्या भीतीचे निरसन याच कायद्यात आहे. छात्रसेनेत नाव घातल्याने कोणावरही सैन्यात जाण्याचे बंधन येत नाही. शाळेत तेराव्या वर्षापासून नाव घेतात. हा कनिष्ठ विभाग दोन वर्षांचा, आणि त्याच्या शेवटी 'ए' प्रमाणपत्राची परीक्षा. महाविद्यालयात वरिष्ठ विभाग, आणि त्यात 'बी' व 'सी' ही प्रमाणपत्रे. कवायतीस शेकडा ७५ हजेरी पाहिजे आणि शिबिरे करावी लागतात. वार्षिक शिबीर साधारण दहा दिवसांचे असते. शिक्षणास फी नाही. तेव्हा छात्रसेनेच्या खर्चाने घर बसत नाही. घर बसते ते निराळ्या खर्चाने. त्याविषयी पुढे लिहू.

वायुविभागात काय शिकवितात? संचलन आणि बंदूक सर्वांसच. त्यावर विमान हवेत का तरंगते याची मूलतत्त्वे, इंजिनाची रचना, हवामानशास्त्र, आकाशातील दिशाज्ञान, आणि विमानांच्या लहान प्रतिकृती बनवून उडविणे. उड्डाण असते ते दोन आसनी मायक्रोलाइट विमानातून, शेजारी प्रशिक्षक बसलेला असताना. येथे आईबापांनी मुलांस एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. आकाशातील घटका थोड्या आणि मैदानावरील दिवस फार, असाच हा हिशेब आहे. पहाटे उठणे, बूट चकचकीत करणे, उन्हात तासभर स्तब्ध उभे राहणे, आपली चूक नसताना पथकाबरोबर शिक्षा भोगणे, हे पुष्कळ. आणि उड्डाण चिमूटभर. जे मूल केवळ उड्डाणासाठी जाईल ते महिन्याभरात कंटाळून परत येईल.

आता आपल्या मुलखाची अडचण. वायुविभागाची एअर स्क्वाड्रन आहे नागपुरास. चंद्रपुराहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, गडचिरोलीहून त्याहून काहीसे अधिक, आणि सिरोंचा किंवा भामरागडच्या मुलास तर पुरता दिवस प्रवासातच जावयाचा. विमानाशी या जिल्ह्यांचा संबंध नाही असे मात्र नव्हे. निवडणुकीच्या वेळी मतदानाची पथके गडचिरोलीच्या जंगलात हेलिकॉप्टरने उतरतात. पर्लकोटेस पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो आणि लोक आकाशाकडे डोळे लावून बसतात. चंद्रपूरजवळ मोरवा येथे धावपट्टी आहे. विसापूर येथे २०१९ पासून सैनिकी शाळा चालू आहे. पण शाळकरी मुलास हाताशी मिळणारी छात्रसेना बहुधा भूदलाचीच.

म्हणून त्या मुलीस आमचे सांगणे असे की, विमान नाही म्हणून कवायत नाकारणे म्हणजे पंचमहाकाव्ये वाचावयाची आहेत म्हणून शब्दरूपावली नको म्हणणे होय. चाळीस वर्षे संस्कृत शिकविताना असले विद्यार्थी आम्ही पुष्कळ पाहिले. त्यांस कालिदास हवा असे, पण 'रामः रामौ रामाः' नको असे. आणि अखेर त्यांस कालिदासही मिळाला नाही. नववी-दहावीत शाळेतील छात्रसेनेत राहावे. पुढे नागपुरास शिकावयास जाणे झाल्यास जेथे वायुविभाग आहे असे महाविद्यालय निवडावे. तेथे निवडीच्या दिवशी, सरळ उभे राहणे आणि सांगितलेले नीट ऐकणे ही दोन्ही ज्यास येतात ते मूल ओळखू येते.

थोरल्या काकांच्या आक्षेपास मात्र आम्ही हलका लेखीत नाही, कारण तोच आक्षेप एकेकाळी आमच्या तोंडचा होता. एका तालुक्याच्या गावी आम्ही वर्गशिक्षक असताना दहावीच्या वर्गातील एका मुलाची छात्रसेनेच्या दहा दिवसांच्या शिबिरासाठी निवड झाली. वडील शेतकरी, शाळेच्या शब्दावर विसंबणारे. ते अर्ज घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही सांगाल तसे." आम्ही क्षणाचाही विचार न करता सांगितले की शिबिरे पुष्कळ येतील, दहावी एकदाच येते. सही झाली नाही. मुलगा काही बोलला नाही. मार्चमध्ये त्यास जितके गुण मिळावयाचे तितकेच मिळाले. त्या दहा दिवसांत त्याने काही फार अभ्यास केला असेल असे आम्हांस वाटत नाही. पुष्कळ वर्षांनी तो आम्हांस बसस्थानकावर भेटला. बरोबर त्याचा मुलगा होता. पाया पडून तो म्हणाला, "गुरुजी, ते शिबीर मी केले असते तर काय झाले असते कोण जाणे. काहीच झाले नसते कदाचित. पण ते मला आजवर कळले नाही." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते आम्हांस अधिक लागले. आम्ही त्या मुलाचे वेळापत्रक विचारले नव्हते, अभ्यास कोठवर आला ते विचारले नव्हते, त्यास काय वाटते हेही विचारले नव्हते. आम्ही केवळ पाठ असलेले एक वाक्य म्हटले होते.

तेव्हा काकांनी दहावीची काळजी जरूर करावी, पण ती कागदावर मांडून करावी. आठवड्यातून कवायतीचे तास किती, शिबीर कोणत्या महिन्यात, चाचणी केव्हा, हे मुलीकडूनच लिहवून घ्यावे. बुडालेला अभ्यास कोणत्या दिवशी भरून काढणार तेही तिनेच लिहावे. आकाशमार्ग आखू पाहणाऱ्या मुलीस पंधरवड्याचा मार्ग आखता आला पाहिजे.

अभ्यासाच्या बाबतीत एक गोष्ट दृष्टीआड करू नये. अकरावी-बारावीस गणित आणि पदार्थविज्ञान सोडू नये. वायुदलाच्या उड्डाणशाखेस हे दोन विषय लागतात, आणि नागरी वैमानिकाचे शिक्षणही त्यांच्याच पायावर उभे आहे. 'सी' प्रमाणपत्र मिळविलेल्या वायुविभागाच्या छात्रांस पदवीनंतर उड्डाणशाखेसाठी लेखी परीक्षेवाचून थेट निवडमंडळापुढे जाण्याची वाट मोकळी आहे. पण ती केवळ दारापर्यंतची वाट आहे. आत निवडमंडळ आहे, वैद्यकीय तपासणी आहे, आणि वैमानिकाच्या निवडीची एक चाचणी अशी आहे की ती आयुष्यात एकदाच देता येते.

वैद्यकीय तपासणीविषयी सर्व आईबापांस आमची आग्रहाची सूचना आहे. मुलास विमानाचा ध्यास आहे असे दिसताच त्याचे डोळे तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे, आणि रंगज्ञानही तपासावे. रंगीत ठिपक्यांत दडलेले अंक वाचावयाचे, एवढीच ती इशिहारा नावाची चाचणी. पाच-दहा मिनिटांचे काम. लाल-हिरव्यातील भेद न कळण्याचा दोष जन्मजात असतो, बहुधा आईकडून मुलाकडे येतो, आणि मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ अधिक आढळतो. त्या मुलास स्वतःस त्याची वार्ताही नसते. पिकलेला टोमॅटो तो आकारावरून आणि सवयीने ओळखतो. दृष्टी आणि उंचीचेही नियम आहेत. उड्डाणशाखेसाठी उंची १६२.५ सेंटिमीटर लागते. यापैकी काही न जुळल्यास तो मुलाचा दोष नव्हे, घराण्यास कलंक नव्हे. हे चौदाव्या वर्षी कळले तर मूल दोन दिवस रडेल आणि दुसरी वाट शोधील. विमाने बांधणारे, दुरुस्त करणारे, त्यांस जमिनीवरून मार्ग दाखविणारे, हवामान सांगणारे, हे सर्व विमानविद्येचेच उपासक आहेत. तेच तेविसाव्या वर्षी कळले तर फार जड जाते.

आणि शेत विकल्यावर कळले तर त्याहून जड. घर बसविणारा खर्च म्हणून आम्ही वर म्हटले तो हा. नागरी वैमानिकाचा व्यावसायिक परवाना वयाच्या अठराव्या वर्षापासून मिळू शकतो. त्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते, आणि हे शिक्षण आज अर्ध्या कोटी रुपयांच्या घरात किंवा त्यापुढे जाते. परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असेही नव्हे. छात्रसेना आणि हा परवाना या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करून कोणी आश्वासने देऊ लागल्यास सावध असावे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टराकडून तपासणी उतरल्याखेरीज एक रुपयाही भरू नये आणि सातबाऱ्यास हात लावू नये.

भीतीविषयी आजीबाईंशी आम्ही खोटे बोलणार नाही. आपल्या शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात बिरसी येथे विमानशिक्षण चालते. मार्च २०२३ मध्ये तेथून उडालेले एक शिकाऊ विमान बालाघाट जिल्ह्यातील डोंगरात कोसळले, आणि शिकविणारा व शिकणारी असे दोघेही गेले. असे क्वचित घडते, पण घडत नाही असे म्हणवत नाही. कोणतेही उड्डाण निर्धोक नाही. म्हणूनच अर्जावर पालकाची सही मागतात. ती सही धोका जाणून करावयाची असते, धोका नाही असे मानून नव्हे. आजींनी आपली भीती नातीस एकदा स्वच्छ सांगावी. मात्र ती रोज तिच्या पानात वाढू नये. घाबरलेल्या घरातून गेलेले मूल आपली चूक लपवू लागते, आणि विमानात लपविलेली चूक सर्वांत महाग पडते.

मुलीच्या जातीविषयी म्हणाल तर काळाने उत्तर देऊन टाकले आहे. जून २०१६ मध्ये तीन तरुणी वायुदलात लढाऊ वैमानिक म्हणून दाखल झाल्या. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीने २०२२ मध्ये मुलींस प्रथम प्रवेश दिला, आणि त्यांपैकी सतरा जणी मे २०२५ मध्ये उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. आणि आपल्या आडवळणाच्या जिल्ह्यातून कोण निघणार, अशी शंका असेल त्यांनी मे २०१८ आठवावा. चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांतील पाच आदिवासी विद्यार्थी त्या महिन्यात एव्हरेस्टच्या माथ्यावर जाऊन आले. त्यांच्या घरी शिकवणीवर्ग नव्हते आणि ओळखीचे कर्नलही नव्हते.

यावरून एक नाजूक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्यासारख्या घरांत शिबिराचा विषय निघाला की पहिला प्रश्न जेवणाचा निघतो. मुलीने काय खावे हे तिच्यावर आणि तिच्या नेमावर सोडावे; शाकाहार पाळून शिबीर करता येते. पण कोणाच्या शेजारी बसून खावे हा प्रश्न मनातही आणू नये. त्या पंक्तीस गोंड आणि माडिया मुली असतील, गवंड्याची असेल, डॉक्टरची असेल. अरण्यात वाढलेली मुलगी वारा कोणीकडून येतो हे आपल्या मुलीस शिकवील, आणि आपली तिला बीजगणित समजावून देईल. भिंतीआडच्या आपल्या घरांनी मुलांस पुष्कळ दिले. हे एक मात्र दिले नाही.

काकांच्या आणखी एका वाक्यास उत्तर देणे आमच्यासारख्या संस्कृताच्या शिक्षकास प्राप्त आहे. विमाने आपल्या पूर्वजांकडे होतीच, मुलीने जुन्या ग्रंथांवरून ती पुन्हा बांधावी, असे त्यांनी सुचविले आहे. ज्या 'वैमानिक शास्त्र' नामक ग्रंथाचा आधार देतात तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासला. ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वीचा नाही आणि त्यातील विमाने उडणे शक्य नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. यात पूर्वजांचा उणेपणा काय? रघुवंशाच्या तेराव्या सर्गात पुष्पकातून परतणारा राम सीतेस खालची पृथ्वी दाखवितो. यंत्र हाती नसताना कवीने ते दृश्य कल्पिले, हेच मोठे. तो सर्ग मुलीस काव्य म्हणून अवश्य वाचून दाखवावा. पण उंचीमापक यंत्र काय सांगते आणि आपणास काय वाटते यांत वैमानिकाने यंत्रावर विश्वास ठेवावयाचा असतो. ही सवय घरातच लागली पाहिजे.

असो. आता उत्तर देतो. सही करावी. परंतु करण्यापूर्वी संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून अर्ज आरंभापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावा, आणि तो मुलीनेच वाचावा. वयाचा दाखला, बँकेचे खाते, रक्तगट ही कागदपत्रे तिच्याकडूनच जमवून घ्यावी. शिबिरास गेल्यावर रोज निरोपाची अपेक्षा करू नये. परत आल्यावर कितवा क्रमांक आला हे विचारण्याआधी, कोणाशी मैत्री झाली ते विचारावे. मध्येच सोडावेसे वाटले तर ते वर्ष पुरे करण्यास सांगावे. त्यानंतर सोडल्यास टोमणे मारू नयेत.

एक शेवटचे. पत्रात आजीचे मत आहे, काकांचे आहे, वडिलांचे आहे, मुलीचेही आहे. मुलीच्या आईचे मत कोठे आढळले नाही. पहाटे साडेचारास उठून त्या मुलीचा डबा बहुधा त्याच करतील. अर्ज वाचावयाच्या वेळी त्यांस स्वयंपाकघरातून बाहेर बोलवावे, आणि त्यांचे बोलणे पुरते ऐकल्यावर मगच लेखणी उचलावी.